जोडीतली दुसरी पट्टी

अमृता : आई, ही पट्टी माझी आहे. गुडघ्याची. लोणच्याच्या बरणीला बांधलीत?

मीराबाई : मग? दादऱ्याचं फडकं धुवायला पाणी कुठे होतं? दोन दिवस या दिवा गावात नळाला नुसता वारा येतोय. ही कोरडी होती, ताणली जात होती. बांधली. तुझा गुडघा काय नासणार होता? लोणचं नासलं असतं.

अमृता : आज स्पर्धा आहे माझी, खोपटला. तासाभरात निघायचंय.

मीराबाई : ठाऊक आहे गो. घरात दुसरं काय चाललंय? म्हाताऱ्यांसारखे गुडघे बांधून ओझी उचलायची आणि वर त्याचं बक्षीस घ्यायचं. आमच्या गावच्या बंदरावर हमाल उघड्या पायांनी गोणी वाहायचे. त्यांना कोणी पदक दिलं नाही.

अमृता : चाळिशीत कंबरेतून वाकायचेही ते.

मीराबाई : वाकले, पण जोर स्वतःचा होता. तुझा अर्धा जोर त्या रबराचा. मग कौतुक कोणाचं करायचं, तुझं की फडक्याचं?

अमृता : माझ्या गटात सगळ्याच बांधतात. वजन खांद्यावर घेऊन खाली बसायचं आणि उठायचं, तेव्हा गुडघ्याला आधार मिळतो, एवढंच. पट्टीच वजन उचलत असती, तर तुमची बरणी एव्हाना माळ्यावर जाऊन बसली असती.

मीराबाई : जीभ बरी चालते. तिला नाही बांधलंस काही.

अमृता : शी! तेल मुरलंय हिच्यात. हिंगाचा वास येतोय.

मीराबाई : वजनाला काय नाक असतं?

अमृता : पंच अगदी जवळ उभे असतात आई.

मीराबाई : मग भूक लागेल त्यांना. सोबत डबा ने.

अमृता : मुद्दाम केलंत का तुम्ही हे?

मीराबाई : काय मुद्दाम?

अमृता : दिवाळीत सगळ्यांसमोर मी शब्द दिलाय. या वेळी राज्याच्या संघात निवड नाही झाली, तर जिम कायमची बंद. तुम्हालाच हवा होता तो शब्द.

मीराबाई : हवाच होता. तू लग्न होऊन या घरात आलीस तेव्हा प्रशांत म्हणाला, आई, ती व्यायाम करते. मला वाटलं, सूर्यनमस्कार घालत असेल पोर. मला काय ठाऊक, सून बैलाचं काम करणार ते! पण तुला हरवायला मी माझी बरणी पणाला लावीन होय? कैऱ्या चिरून हाताला फोड आलेत माझ्या.

अमृता : बरं. दुसरी द्या.

मीराबाई : दुसरी कसली?

अमृता : जोडी असते. एका गुडघ्याला एक.

मीराबाई : दोन्ही लागल्या बरणीला. तोंड मोठं आहे तिचं.

अमृता : बरणीवर एकच होती. आत्ता मीच सोडली.

मीराबाई : मग असेल कुठेतरी. शेजारच्या शेवंतीच्या गॅलरीत उडून गेली असेल. तिला बरीच! नाहीतरी गुडघ्याला टोपी चढवूनच हिंडते. एक हात कठड्यावर, एक हात गुडघ्यावर, आणि दर जिन्याला हाश्शहुश्श. मी तिला तोंडावर सांगितलंय, असली सोंगं करून फिरण्यापेक्षा घरी बसावं माणसाने.

अमृता : पट्टी एवढी हलकी नसते उडायला. आई, जरा इकडे या.

मीराबाई : मला कामं आहेत.

अमृता : या तरी. डावा पाय का ओढताय?

मीराबाई : मुंगी चावली.

अमृता : बसा त्या स्टुलावर.

मीराबाई : बसता नाही येत. म्हणजे, बसायला वेळ नाही.

(अमृता खाली बसते आणि मीराबाईंच्या साडीचा काठ गुडघ्यापर्यंत वर करते.)

अमृता : अहो आई! कधी बांधलीत ही?

मीराबाई : सकाळी. टँकर आलेला. लिफ्ट बंद. पाचव्या मजल्यावर हंडे काय उडत येतात?

अमृता : सकाळपासून? पाऊल बघा, गार पडलंय. निळसर झालंय. ही एका उचलीपुरती असते. वजन खाली ठेवलं की लगेच सोडायची. मीसुद्धा दोन मिनिटांवर ठेवत नाही.

मीराबाई : आधार असतो म्हणतेस. आधार एकदा मिळाला, तर सोडायचा कशाला, असं वाटलं.

अमृता : मला हाक का नाही मारलीत?

मीराबाई : हंडे तू वाहिले असतेस, तर तिकडे काय उचललं असतंस? कपाळ?

अमृता : मग डॉक्टरांनी सांगितलेली टोपी घ्यायची होती. ती नको म्हणालात. शेवंतीमावशींना हसता, आणि स्वतः साडीखाली...

मीराबाई : हळू बोल गो. मधे भिंत एकच आहे.

अमृता : ऐकू दे की त्यांना.

मीराबाई : नको गं अमृता. काय काय बोललेय मी तिला.

अमृता : हलू नका. सोडतेय.

मीराबाई : आई गं! मुंग्या आल्या.

अमृता : येणारच. रक्त सुटलं. थोडा वेळ पाय लांब करून बसा. आणि ही घ्या, माझी स्लीव्ह. सरावाला घालते मी. मोज्यासारखी वर ओढायची. ही घालून जिना चढा, घरात आलात की काढा. पाऊल गार वाटलं तर लगेच काढा.

मीराबाई : काळी कुळकुळीत. सर्कशीतल्या बाईसारखी दिसेन.

अमृता : साडीखाली कोण बघतंय?

मीराबाई : हं. घट्ट आहे. पण बरं वाटतंय. तुला नको का ही?

अमृता : आज पट्ट्याच बांधायच्यात. आणि आज नाही जमलं, तर पुढे मला कशाला लागेल? सगळं सामान तुम्हालाच.

मीराबाई : मला नको तुझं वापरलेलं. घामाचा वास मारतोय.

अमृता : हिंगापेक्षा बरा.

मीराबाई : येताना माझ्या मापाची नवी आण. ही राहू दे तुझी तुला. पुढच्या वर्षी सरावाला लागेल.