अडकलेलं पातं

आमची आई शाळेत जेमतेम चौथीपर्यंत गेली, पण एकदा तिनं चेनसॉवाल्याला धडा दिला, ते सांगतो. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. बहिणीचं लग्न चार दिवसांवर आलेलं आणि जेवणाच्या चुलींना सरपण हवं होतं. डोळखांबला आमच्या घरामागे आंब्याचे दोन मोठे ओंडके वर्षभर वाळत पडलेले. ते कापायला मी मुरबाडहून मशीनवाला आणला. अख्खा पाडा बघायला जमला.

पहिल्या ओंडक्याची दोन्ही टोकं दगडांवर टेकलेली होती, मधे खाली पोकळ. त्यानं वरून कापायला घेतलं. अर्ध्यावर पातं गच्च अडकलं. चौघांनी ओढलं तरी हलेना.

जन्मभर कुऱ्हाडीनं लाकडं फोडलेली आई म्हणाली, "भाऊ, वजनानं फट मिटली. वरून थोडंच कापायचं, मग खालून वर यायचं."

तो हसला. "मावशी, ही मशीन हाय, कुऱ्हाड नाय."

"लाकूड तर तेच हाय ना रे?"

तिनं मशीन बंद करायला लावली आणि फटीत दोन पाचरी ठोकल्या. फट उघडली, पातं अलगद सुटलं. मग त्यानं गुपचूप खालून कापलं. ओंडका दोन तुकडे होऊन धप्पकन खाली बसला. माझी छाती अशी फुगली म्हणता!

दुसऱ्या ओंडक्याशी तो मशीन घेऊन गेला, पण चालू करेना. सगळ्यांदेखत आईकडे वळून म्हणाला, "मावशी, हा कुठून कापू?"