फोटोपुरती सुई

हॅलो?… हां संचितामावशी, मनालीच बोलतेय. आईचा फोन माझ्याकडे आहे… नाही, देणार नाही. आधी माझ्याशी बोल.

आहे ना, समोरच बसलीये. मेथी निवडतेय, एका हाताने… अगं धुतलं! साबण लावून लावून धुतलं. वॉर्डातला कचरा उचलताना पिशवीतली सुई हातमोज्यातून आत गेलीये मावशी, बोरीचा काटा नाही टोचलेला!

हो, हो… अगं ऐक ना. चार नंबरच्या पेशंटची सुई होती, त्याला हिपॅटायटिस बी आहे, हे सकाळी तूच सांगितलंस ना आईच्या कानात? मग आता 'कुणाची कोण जाणे' कसं झालं?

कोण शिकवणार मला? मी स्वतः फोन केला. शाळेतून आले, आईचं तोंड बघितलं आणि लावला डायरेक्ट तुमच्या मोठ्या डॉक्टरांना… अगं घाबरतेस काय, 'नमस्कार सर' म्हटलं व्यवस्थित! गेल्या वर्षी मी वाण्याकडे सुट्टे मागायला पण लाजायचे. आज नाही लाजले. तर सर काय म्हणाले माहितीये? "बाळा, आमच्या सगळ्या स्टाफला हिपॅटायटिसची लस दिलीये, भिंतीवर फोटोच लावलाय."

फोटो! तो आमच्याही भिंतीवर आहे मावशी, तुमच्या हॉस्पिटलच्या कॅलेंडरवर. आई बाही वर करून हसतेय, डॉक्टर सुई धरून कॅमेऱ्याकडे बघतायत. तिच्या दंडाकडे कुणीच बघत नाहीये. आणि मी येडी, ते कॅलेंडर वर्गात नेलेलं… सगळ्यांना दाखवत फिरलेले…

रडत नाहीये. सर्दी झालीये.

मला सांग, या लसीचे डोस किती?… तीन. करेक्ट. आईला किती मिळाले?… मीच सांगते. एक. फोटोतला. दुसऱ्याचं विचारायला गेलेली तर तुमच्या मॅडम म्हणाल्या, आयाबायांचं कॉन्ट्रॅक्टरने बघायचं. मग पहिला कशाला टोचला? फोटोत माणसं कमी पडत होती?

आणि तुझे किती झाले?… जोरात बोल ना… तिन्ही. छान. सिस्टर ना तू. वॉर्ड मात्र दोघींचा एकच.

नाही गं, तुझ्यावर नाही चिडत… हो, चिडतेय! तुला माहीत होतं. दिवाळीला आलेलीस, त्याच कॅलेंडरखाली बसून चकल्या खाल्ल्यास. तेव्हा पण बोलली नाहीस.

नोकरी तूच लावलीस, माहितीये. आई रोज सांगते.

अगं, एक वेगळं इंजेक्शन असतं, तयार अँटिबॉडीचं. ते शक्यतो एका दिवसात घ्यायचं, मग राहिलेली लस. विज्ञानाच्या बाईंना फोन करून विचारलं मी. सर म्हणाले, ड्युटीवर टोचलं असं सिस्टर बोलली तर मागवतो. सिस्टर म्हणजे तू! एकच वाक्य बोलायचंय. 'सगुणाला वॉर्डात टोचलं, तिचा एकच डोस झालाय.' बस.

उद्या नको, आत्ता… का?… इन्चार्ज सिस्टर कोण होणार?… अच्छा. तू. म्हणून.

माहितीये आई काय करतेय? आल्यापासून स्वतःचं ताट वेगळं घासतेय. पेला वेगळा ठेवलाय, खिडकीत. ताट-पेल्याने नाही पसरत गं हे! मी मुद्दाम तिच्यासमोर त्याच पेल्यातून पाणी प्यायले, गटागट. तर केवढी ओरडली. आणि मग हळूच म्हणाली, संचिताला अडचणीत आणू नकोस.

हो. तुझंच नाव घेतलं. स्वतःचं नाही.

काय?… आई खुणा करतेय, फोन ठेव म्हणून. आई, थांब गं!… मावशी, सांगतेस की नाही? हो किंवा नाही… परत 'उद्या'च?

बरं. नको सांगूस.

आम्ही ठाण्याला निघतोय, सरकारी हॉस्पिटलात. कुठे टोचलं विचारतील ना, मी सांगेन. पूर्ण पत्त्यासकट… आणि तुमच्या सरांना निरोप दे, आई आज परत बाही वर करणारे. कॅमेरा घेऊन या म्हणावं.

ठेवते.

आई, ऊठ. मेथी राहू दे… चप्पल घाल.