चार पंप जास्त

...नाही पण मला सांगा, खोपटातला फवारणीचा पंप गेला तर सगळ्यांनी माझ्याच तोंडाकडे का बघावं? खरं तर कोणी बघत नव्हतं, मीच आपला बघतायत का म्हणून सगळ्यांकडे बघत होतो, आणि तेही तसेच बघत होते... पंप मी घेतलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमची शेती म्हणजे गोदामांच्या मागचा जमिनीचा पट्टा. कसणारे चौघं... लांब्या, ड्रायव्हर, पहिलवान आणि मी, चौघंही आत जाऊन आलेले. आत म्हणजे तुरुंगात. घरचे ‘बाहेरगावी होता’ म्हणतात, मी सरळ सांगतो. बाहेर आम्हाला कोणी काम देईना, म्हणून सुटून आलेल्यांसाठी काम करणाऱ्या एका बाईंनी ही जमीन मिळवली. एकत्र पिकवायचं, एकत्र विकायचं, येईल ते वाटून घ्यायचं. आणि खोपटाला कुलूप नाही. बाई म्हणतात, कुलूपच लावायचं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं? अहो, पण कुलूप असलं की माणूस निर्धास्त असतो, त्याचं काय?

तर कोबीवर माव्याची कीड पडली. फवारायला म्हणून सकाळी खोपटात गेलो तर खुंटीवर पंप नाही, आणि बाई त्या दिवशी आलेल्या नाहीत. लांब्या म्हणाला, असेल इथंच. ड्रायव्हर म्हणाला, असेलच. पहिलवाननं खुरपं उचललं. मग दिवसभर चौघांनी मान खाली घालून असं खुरपलं की तण सोडा, निम्मा पालकसुद्धा उपटला. आत असताना काही हरवलं की आधी चेहरे बघायचे. ज्याचा उतरला त्याची खैर नाही. आता माझा चेहरा जन्मापासून उतरलेला, त्याला मी काय करू? पंप मी घेतलेला नाही.

मी राहतो ताईकडे. दाजींनी ठेवून घेतलं ते एका अटीवर... तक्रार आली की पिशवी उचलायची. संध्याकाळी जेवताना ताईला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग उठून दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाली, “तू नाहीस ना रे घेतलास?”

बस, एवढंच. रागानं नाही, काही नाही. आता काय उत्तर द्यायचं? ‘नाही’ तर सगळेच म्हणतात. मी नुसतं पाणी प्यालो. पंप मी घेतलेला नाही, पण तुम्हाला सांगतो, त्या वेळी मलाच शपथ घेता आली नसती.

ताई गच्चीवर गेली. दाजींना कुंड्यांची भारी हौस, त्यांचा पंप तिनं आणला, चादरीत गुंडाळला. म्हणाली, नेऊन ठेव, यांना मी सांगते नंतर.

सकाळी सगळ्यांच्या आधी पोचावं म्हणून गेलो, तर लांब्या आणि ड्रायव्हर आधीच हजर, खोपटात दोन पंप! लांब्याचा नवा कोरा, वरचं प्लास्टिकही न काढलेलं. ड्रायव्हरनं चुलत्याचा मागून आणलेला. मी माझा ठेवतोय तोवर पहिलवान दारात, पाठीवर पंप. कोणी कोणाला काही विचारलं नाही. चौघं उभे, चार पंप उभे... आणि बाई आल्या, हातात आमचा जुना पंप. नळी गळत होती म्हणून दुरुस्तीला नेला होता म्हणे. मग त्यांना ते चार दिसले. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बांधावर बसल्या.

“एकालाही वाटलं नाही, मला फोन करून विचारावं?”

अहो बाई, आम्हाला उत्तरं द्यायची सवय. विचारायची कोणी लावली?

मग फवारणी झाली. चार जण, पाच पंप. मावा गेला, कोबीही जरा गांगरला.

संध्याकाळी पंप परत घेऊन निघालो, जरा हलकं वाटत होतं, तर दारातच दाजी. “माझा पंप कुठे होता?” ताई मागं उभी, मानेनंच मला ‘नाही’ म्हणत. म्हणजे तिनं सांगितलंच नव्हतं. मग मीच म्हणालो, “मी घेतला होता.”

दाजींनी पंप हातातून घेतला, उलटसुलट बघितला, आणि शांतपणे म्हणाले, “मला वाटलंच.”

पिशवी उचलायला नाही लावली, ताट वाढायला सांगितलं. पण काय करणार... आजवर खरं बोललो तेव्हा प्रत्येकानं पुरावा मागितला. हे एक खोटं बोललो, ते तेवढं लगेच पटलं.