शेतकीच्या तासावरचं भाषण

हॅलो?... हो, सुप्रियाच. कोण, श्रुती? अगं किती खरखर! कुठून बोलतेयस?... शाळेसमोरच्या बूथवरून? रविवारी?

ते जाऊ दे, कालचं माझं भाषण कसं झालं सांग! पालकसभेत पहिल्यांदा माइक हातात, पण घाबरले का मी? बिलकुल नाही!... हो, हो, शेतकीच्या सरांची नक्कलसुद्धा... सगळे पालक हसले ना यार!

काय?... संस्थेचे अध्यक्ष असं म्हणाले? "मुलांनाच नको, तर शेतकी बंद"?... आणि वाफ्यांच्या जागी कॉम्प्युटरची खोली?

नाही गं... अगं ऐक ना! नामदेवराव सरांनीच उभं केलं होतं मला. म्हणाले, आपल्या शाळेतल्या शेतकीचा इतिहास सांग, तास वाचेल. तेच सांगत होते मी! निजामाच्या काळात वसतिगृहातली मुलं इथेच भाजी पिकवून खायची, परीक्षेत आपापला वाफा दाखवायची, मग शेतकीचे मार्क बंद झाले, नुसता शनिवारचा तास उरला... तिथे कुणीतरी हसलं. मग मला सुचतच गेलं. "परदेशी कंपन्या दारात आल्या, आणि आम्ही गोंगुऱ्याची भाजी खुरपतोय!" टाळ्या पडल्या गं... थांबताच येईना.

हौ, मालूम आहे, सर पहिल्याच रांगेत होते... हसत होते ना तेही?... नव्हते?

आत्ता?... एकटेच भाजी काढतायत?... माझ्या वाफ्यातली पण? ए, त्यांना बोलावू नकोस! नक्को ना, पाया पडते... श्रुती!

...नमस्कार सर. ...हो, झालं जेवण. ...आवाज चांगला लागला होता? सर, तुम्ही रागवा ना, प्लीज. ...नको सर, जुडी नका ठेवू माझ्यासाठी. ...आईला आवडते, पण नको.

सर, मला आवडतो तो तास. ...कॉम्प्युटरही हवाय, हो, पण... ...मग काल कोण बोललं? मीच. टाळ्यांसाठी. ...उद्या प्रार्थनेनंतर अध्यक्षांना सांगते, सगळ्यांसमोर, माइकवरच...

उशीर झाला? म्हणजे? ...हा कसला आवाज, सर? ...लॉरी? विटांची? आजच?

नाही, नाही, उतरवू देऊ नका! मी येते, हिमायतनगरहून ऑटोला कितीसा वेळ लागतो? वाफ्यात जाऊन उभी राहते. ...नाही सर, भाषण नाही करणार. नुसती उभी राहणार. ठेवते!