काचेवर जमलेलं गोड पाणी

आपल्या शिक्षण संस्थेचे सन्माननीय अध्यक्ष भागोजीशेठ शिवलकर, मुख्याध्यापिका मालनताई, ज्यांच्या निमित्ताने आज या सभागृहातले सगळे पंखे एकाच वेळी फिरताना दिसत आहेत त्या सत्कारमूर्ती, आज निवृत्त होणाऱ्या विज्ञानशिक्षिका साबेरा सोलकर मॅडम, समस्त पालकवर्ग, आणि मागे चुळबुळ करणारे विद्यार्थिगण,

मी आपल्या गावचा वार्ताहर. शिक्षण संस्कृत पाठशाळेत झालं, त्यामुळे विज्ञानावर बोलण्याचा मला अधिकार नाही. पण अधिकार नसताना बोलणं हा आमच्या व्यवसायाचा भागच आहे. पाठशाळेत शिकलो होतो की हंस दुधातून पाणी वेगळं करतो. हे मी एकदा मॅडमना मोठ्या अभिमानानं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कुठल्या पद्धतीनं? गाळून, की उकळून?" तेव्हापासून मी हंसाचा विषय काढलेला नाही.

बातमी मिळेल म्हणून एका दुपारी त्यांच्या तासाला जाऊन बसलो. धडा होता मिश्रणं वेगळी करण्याचा. मुलांनी रुमालात मांडवीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू बांधून आणली होती. मॅडमनी कागदाखालून लोहचुंबक फिरवला, आणि वाळूतले काळे कण उठून, पालखीमागे निघावेत तसे, एका बाजूला चालू लागले. मग त्यांनी एका खडूवर काळ्या शाईचा ठिपका दिला आणि तो खडू बशीतल्या पाण्यात उभा केला. पाणी हळूहळू वर चढलं. ठिपका सैल झाला, लांबला, आणि त्या काळ्यातून जांभळा निघाला, मग निळा, मग अगदी टोकाशी फिकट पिवळा. खिडकीबाहेर खाडीला भरती येत होती. मला वाटलं, माणसाच्याही पायाशी कुणी अशी बशी ठेवली, तर काय काय रंग वर येतील? घंटा झाली तेव्हा मी कुठे होतो, कोण जाणे. बातमी अर्थातच राहिली.

असो. विषयांतर झालं.

आपल्या शाळेची विहीर खाडीलगतची. मागे एका उन्हाळ्यात तिचं पाणी खारट झालं. भागोजीशेठ मनाचे उदार. त्यांनी भलामोठा फिल्टर आणून बसवला. नारळ फुटला. पहिला पेला पाहुण्यांना दिला. पाहुणे प्यायले, क्षणभर थांबले, आणि "छान," म्हणाले. मग रांगेनं सगळे प्यायले आणि सगळेच "छान" म्हणाले. ज्या वस्तूपुढे नारळ फुटला तिला नावं ठेवायची आपल्याकडे पद्धत नाही. मी टिपण घेत होतो, त्यामुळे सुदैवानं माझा हात मोकळा नव्हता.

मॅडमनी एक घोट घेतला. "शेठ, खारटच हाय."

"नवीन आहे मॅडम. जरा मुरू दे."

"लोणचं हाय काय ते? मीठ पाण्यात विरघळलंय, ते गाळून निघत नाय. वाफ करा, वाफेचं परत पाणी करा, मीठ आपसूक खाली ऱ्हायेल."

शेठ हसले. पुढच्याच आठवड्यात मुलांनी प्रयोगशाळेच्या गच्चीवर एक काळा ट्रे ठेवला, त्यात विहिरीचं पाणी ओतलं आणि वर उतरती काच बसवली. ऊन चढलं की ती काच आतून धुकट होते. एक थेंब जमतो, दुसऱ्याला बिलगतो, आणि झोपेत कूस बदलावी तसा घसरत बाटलीत उतरतो. शाळेची तहान त्यानं भागत नाही. पिण्याचं पाणी अजून टँकरचंच. पण मुलं दुपारची सुट्टी त्या काचेपाशी घालवतात. आभाळातलं काम इथं आपल्या गच्चीवर चालतं आणि ते बघायला मिळतं, ही काय थोडी गोष्ट आहे?

आता मॅडमनंतर विज्ञानाची जागा भरली जाणार नाही असं कळतं. प्रयोगशाळेला कुलूप लावून आत मांडवाचं सामान ठेवायचं, हा बेत संस्थेच्या परवाच्या सभेत वाचून दाखवला गेला. सगळे "छान" म्हणाले. तो "छान" मला ओळखीचा वाटला.

मालनताई शालीचा रंग विचारायला मॅडमच्या घरी गेल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "शाल नको मालन, खोलीची किल्ली दे. घरात बसून मी काय करू? दर गुरुवारी येऊन शिकवीन पोरांना."

"किल्ली शेठच्या खिशात," मालनताई म्हणाल्या.

शाल तरीही आली. सुंदर आहे.

शेठ, आपल्यापुढच्या पेल्यातलं पाणी मुलांनी त्या काचेवरून आणलंय. घोटभर घ्यावं, ही विनंती. या पेल्यापुढे नारळ फुटलेला नाही, तेव्हा मोकळेपणानं सांगावं.

गोड आहे म्हणता? मग ज्या खोलीच्या गच्चीवर ते गोड झालं, तिची किल्ली मॅडमपुढे ठेवावी.

ठेवलीत. मुलांनो, टाळ्या नंतर. आधी मॅडमना डोळे पुसू द्या. नव्या शालीचा पहिला उपयोग झाला.

आपण ऐकून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. माझ्या बोलण्यात कुठे मीठ जास्त झालं असेल, तर ते गाळून निघणार नाही, हे आता आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा क्षमाच करावी.