पडाल, बसा

तसं नाय वन्सं, ऑपरेशन चांगलंच झालं. छातीची शिवण बघितली ना तुम्ही, कशी सुकलीय — डॉक्टर म्हणाले बायपास छान झाली, हृदयाची काळजी सोडा. मग तुमचा भाऊ असा का दिसतोय, हेच ना? वय झालं, दुसरं काय. सत्तरी ओलांडली म्हणजे — बसा ना, इथं ओट्यावरच बसू, आत पंख्याचा आवाज हाय, त्यांना ऐकू नाय यायचं.

आधीच अंग गळालं होतं त्यांचं. मागच्या कुंभमेळ्यात झेंडूच्या पाट्या डोक्यावर घेऊन रामकुंडाकडं चालत जाणारा माणूस, आणि वर्षभरात पायजमा कमरेवर राहीना. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी आपला हात पुढं करून तो त्यांना जोरानं दाबायला लावला, खुर्चीतून उठायला लावलं, मग मला बाजूला घेऊन म्हणाले, हृदय आम्ही नीट करू, पण शरीर थकलंय, अशा माणसाला सावरायला वेळ लागतो. घरी गेल्यावर झोपवून ठेवू नका, अंडी-डाळी खाऊ घाला, रोज थोडं थोडं जास्त चालवा. आणि चालत होते की — ऑपरेशननंतर दवाखान्यात चालत होते, वॉर्डाच्या टोकापर्यंत, नर्सचा हात न धरता.

घरी आले आणि पहिल्याच सकाळी मोरीच्या दारात गुडघे वाकले. मी धरलं म्हणून बरं. तेव्हापासून मी भ्याले, वन्सं. खाटेवरच तोंड धुवायचं, खाटेवरच जेवायचं, घाससुद्धा मीच भरवायचे. ज्ञानेशनं वॉकर आणला, तो मी माळ्यावर टाकला — पोराला सांगितलं, बाबांना लाज वाटते. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची, चांगली होती बिचारी. झोपलेत असं सांगून दारातूनच परत पाठवायचे मी तिला. मग ती यायचीच थांबली.

भीतीच ना ती? हो, आधी भीतीच. मग — आता कसं सांगू. तुमचा भाऊ लग्नापासून कधी घरात बसला का? मळा, मार्केट, तालीम, पार. जेवलीस का म्हणून कधी विचारलं नाय. आणि आता मी नुसती विहिरीकडं गेले तरी हाक मारतात, वत्सला, कुठं गेलीस. नावानं, वन्सं. दुपारभर बोलत बसतात माझ्याशी — लहानपणीचं, तुमचं, तुमच्या आईचं. मला लय बरं वाटायचं. अजून वाटतं.

एक दिवस मेथी खुडून आले तर चौकट धरून उभे. पाय थरथरत होते, पण उभे होते. म्हणाले, "गुलाबाच्या वाफ्यापर्यंत जाऊन येतो." मी म्हटलं, "पडाल. बसा." बसले. पुन्हा कधी विचारलं नाय त्यांनी. — पडले असते का? नसते पडले. तेव्हाही ठाऊक होतं मला.

परवा तपासणीला नेलं. डॉक्टरांनी मांडी चाचपली, म्हणाले, हृदय उत्तम आहे, पण पायांचं मांस कुठं गेलं? चालत नाहीत का हे? आणि मी म्हटलं, "आम्ही लय सांगतो, तेच उठत नायत." त्यांच्यासमोर. ते माझ्याकडं बघत राहिले, आणि मग डॉक्टरांना म्हणाले, "हो, मलाच कंटाळा." — पाणी नको, वन्सं. राहू द्या.

काय? वणीला? तुमच्याकडं? तिथं कोण करणार त्यांचं? तुमच्या घरची सगळी माणसं उजाडल्यापासून रानात, साधं पाणीसुद्धा उठून घ्यावं लागंल त्यांना — हां. तेच म्हणताय तुम्ही. कळलं.

न्या. जीप हायच बाहेर तुमची. कोणती गोळी कधी द्यायची ते ज्ञानेश नीट समजावून देईल. पण आत्ताच न्या, जेवणाला थांबू नका. आत जाऊन तुम्हीच सांगा, मी नाय येत. ते मला विचारतील, जाऊ का म्हणून — जा तुम्ही, वन्सं.