आईनं बघितलेलं मैदान

हसू नका, पण माझं कॉलेज आमच्या आईनं पायानं निवडलं.

सत्त्याण्णव साली मी बारावी झाले. मला खो-खोचं लई वेड. आमच्या आळे गावाहून आई आणि मी आधी पेठ गावाजवळच्या एका कॉलेजात गेलो. प्रॉस्पेक्टसवर खो-खोचा फोटो, समोर हिरवंगार मैदान.

मी म्हटलं, "आई, काय भारी मैदान आहे गं!"

"कशाचं भारी? एवढं गवत माजलंय, म्हंजी हितं कोण पळतच न्हाई. चल."

दुसऱ्या दिवशी जुन्नरला. फी निम्मी, वर्ग पत्र्याचे. आई ऑफिसात न जाता थेट मैदानात शिरली. गवताची काडी नव्हती. खो-खोच्या खांबाशी पोरी वळून वळून खड्डा पडलेला. आईनं चप्पल काढून त्यात पाय ठेवला, तर घोट्यापर्यंत आत!

शिपाई धावत आला. "मावशी, जपून! बुजवणारच आहोत आम्ही तो."

आई म्हणाली, "ह्यो खड्डा बघूनच तर पोरगी देतीय तुमच्याकडं."

पुढं तीन वर्षं दर शनिवारी आम्ही पोरी त्या खड्ड्यात पाटीभर माती टाकायचो. आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत आई पुन्हा खरी ठरायची.